तिसरी बाटली

तळ्यावर येणारी पोरे त्यांना बाटलीआजोबा म्हणत. सुरुवातीला या नावाने ते फार ओशाळत, कारण जन्मात त्यांनी सरबतापलीकडे काही घेतले नव्हते आणि नव्या माणसाचा गैरसमज हमखास व्हायचा. खरी गोष्ट एवढीच होती की दर गुरुवारी सकाळी ते तीन बाटल्यांत तळ्याचे पाणी भरत, त्यांवर चिठ्ठ्या चिकटवत आणि बर्फाच्या पेटीत घालून प्रयोगशाळेच्या गाडीत देत. शुक्रवारी संध्याकाळी अहवाल येई. अहवाल चांगला असला की फाटकावर हिरवी पाटी, ‘पाणी पोहण्यास योग्य’. वाईट असला की लाल. तळे सरकारी होते, पाटी सरकारी होती आणि आजोबाही सरकारी होते. निवृत्तीला दीड वर्ष राहिले होते.

तीन बाटल्या तीन जागांच्या. पहिली होड्यांच्या धक्क्याची, दुसरी मधल्या किनाऱ्याची आणि तिसरी मुलांच्या पाण्याची. मुलांचे पाणी म्हणजे तळ्याच्या एका अंगाला आत वळलेला उथळ भाग. दगडी पायऱ्या उतरून तिथे जायचे, आणि बारकी पोरे तिथेच डुंबायची. नमुना कसा घ्यायचा याची विभागाची एक पुस्तिका होती. आजोबांना हातात येईल ते वाचण्याचे वेड असल्यामुळे ती त्यांना तोंडपाठ होती. जिथे माणसे पाण्यात उतरतात तिथेच, कमरेइतक्या पाण्यात उभे राहून, हात कोपरापर्यंत बुडवून बाटली भरावी, असे तिच्या नवव्या पानावर होते. नऊ वर्षे त्यांनी ती तशीच भरली.

मग उन्हाळ्याच्या तोंडाशी ते त्या पायऱ्यांवरून घसरले. पडले ते थेट पाण्यात, टोपीसकट. मुका मार बसला, गुडघा सुजला. पण खरा मार वेगळाच होता. काठावर कुठल्याशा कार्यालयाची सहल आली होती. होड्या भाड्याने देणाऱ्या नावाड्याने धावत येऊन त्यांना मानगुटीला धरून मांजराच्या पिलासारखे बाहेर काढले, तेव्हा ती सगळी मंडळी पोट धरून हसली. एकाने तर मोबाईलवर ते टिपलेसुद्धा. कुणाच्या मनात वाईट नव्हते. नावाडीही नंतर म्हणाला, काका, तुम्ही आज स्वतःचाच नमुना दिलात. आजोबा हसले आणि घरी जाऊन दोन दिवस कुणाशी बोलले नाहीत.

पुढच्या गुरुवारी ते पायऱ्यांच्या वरच्या टोकाला बाटल्या घेऊन उभे राहिले. समोरच्या बाकावर दोन मुली बसल्या होत्या. त्या त्यांच्याकडे बघत होत्या की नव्हत्या, देव जाणे. आजोबा वळले, धक्क्याच्या टोकाला गेले, बांबूला बाटली बांधून खोल पाण्यात सोडली आणि तिन्ही बाटल्या तिथेच भरल्या. एकीवर ‘धक्का’ लिहिले, एकीवर ‘मधला किनारा’ आणि तिसरीवर ‘मुलांचे पाणी’. तळे एकच आहे, पाणीही एकच, असे त्यांनी मनाला सांगितले. गुडघा बरा झाला की पुन्हा रीतीप्रमाणे करू. गुडघा दोन आठवड्यांत बरा झाला. बांबू मात्र सुटला नाही. असे सात गुरुवार गेले, आणि सातही अहवाल आरशासारखे स्वच्छ आले.

आजोबांचा मुलगा नोकरीसाठी दुसऱ्या शहरात राहायचा, महिन्यातून एकदा यायचा. घरात सून, सहा वर्षांची नात आणि ते. नातीला सगळे टिटवी म्हणत, कारण तिचे तोंड झोपेतच काय ते मिटायचे. सून पोहणे शिकवायची. दर शनिवारी सकाळी ती टिटवीसह अकरा मुलांना तळ्यावर आणून मुलांच्या पाण्यात हातपाय मारायला शिकवी, मग सगळ्यांना घरून आणलेला खाऊ देई. आणि दर शुक्रवारी संध्याकाळी, स्वयंपाक करता करता, आतूनच विचारी, “बाबा, पाणी चांगलं आहे ना?”

“अहवाल आलाय,” आजोबा म्हणत. सातही शुक्रवारी त्यांनी ‘हो’ म्हटले नव्हते, ‘अहवाल आलाय’ एवढेच म्हटले होते. फरक फक्त त्यांनाच कळत होता, आणि तो कळत असल्याने ते लगेच पुस्तकात डोके घालत.

त्या सातव्या शनिवारी संध्याकाळी टिटवी गप्प झाली. आधी कुणाला काही वाटले नाही, उलट घर जरा शांत झाले म्हणून सून गमतीने बोललीही. मग पोरीला उलटी झाली. अर्ध्या तासात दुसरी, मग तिसरी. ओठांभोवती पुरळ आले. सुनेने तिला उचलले आणि दोघे तिला घेऊन कोपऱ्यावरच्या दवाखान्यात गेले.

डॉक्टरांनी पोट दाबून पाहिले, जीभ पाहिली, काय खाल्ले ते विचारले. सून म्हणाली, उकडलेली अंडी आणि पाव, मीच केला होता डबा, आणि उन्हात तीन तास पिशवीत राहिला. सांगता सांगता तिचाच चेहरा उतरला. डॉक्टरांनी लिहिता लिहिता विचारले, पाण्यात वगैरे होती का कुठे?

“तळ्यावर होतो,” सून म्हणाली. “पण पाण्याचा प्रश्न नाही, डॉक्टर. कालच तपासून आलंय. नमुना आमच्या बाबांनीच घेतलाय.” आणि तिने सासऱ्यांकडे पाहिले, जसे आपल्या माणसाकडे अभिमानाने पाहतात तसे.

आजोबांनी बोलायला तोंड उघडले होते की नव्हते, हे त्यांना नंतर आठवेना. समोर वजनाचा काटा होता. ते काट्याकडे बघत राहिले. डॉक्टरांनी ‘अन्नातून विषबाधा’ असे लिहिले, उलटीचे आणि तापाचे औषध दिले, पाणी पाजत राहा म्हणाले. रस्त्याने येताना सून एवढेच म्हणाली की मला अक्कलच नाही, अंडी कशाला दिली मी. आजोबा टिटवीचे बूट हातात घेऊन मागून चालत होते.

रविवारी फाटक आठला उघडायचे. आजोबा साडेसहालाच पोहोचले आणि सरळ मुलांच्या पाण्यावर गेले. पायऱ्यांच्या तोंडाशीच ते थबकले. महिनाभर वारा नव्हता, उन्हाने दगड तापत होते. पण काल रात्री जरा झुळूक सुटली होती आणि तिने तळ्यावरचे होते नव्हते ते सगळे या वळणात आणून लोटले होते. कुणी हिरव्या रंगाचा डबा ओतावा तसा जाड थर पायऱ्यांना लागून हलत होता. कुबट वास येत होता. पुस्तिकेचे एकविसावे पान त्यांच्या डोळ्यांपुढे उभे राहिले: रंग सांडल्यासारखा थर, कुबट वास, विषारी शेवाळ असण्याची शक्यता, उलट्या, पुरळ, लहान मुलांना धोका अधिक. थर आज दिसत होता. म्हणजे काल तो दिसण्याइतका नव्हता, एवढेच. पाण्यात होताच.

धक्क्यावर मात्र पाणी काचेसारखे होते. तळ दिसत होता.

नावाडी होड्या पुसत होता. तो आला, कमरेवर हात ठेवून थराकडे बघत राहिला आणि म्हणाला, “काका, तुमच्या बाटलीत हे कसं काय आलं नाही?” मग आजोबांचा चेहरा बघून तो पुन्हा होड्यांकडे वळला. तो रोज धक्क्यावरच असायचा. बांबू त्याने सातही वेळा पाहिला होता.

आजोबांनी टपरीवजा कार्यालयात जाऊन साहेबांना फोन लावला. फोनची त्यांना आधीपासून धास्ती. काय बोलायचे ते कागदावर लिहून घेतले तरी तिसऱ्या वाक्याला कागद सुटायचा. मुलांच्या पाण्यात शेवाळ दिसते आहे, लाल पाटी लावावी म्हणतो, असे त्यांनी वाचून दाखवले. साहेब झोपेतून उठले होते. त्यांनी विचारले, परवाचा अहवाल काय म्हणतो? स्वच्छ म्हणतो, असे आजोबा म्हणाले.

“मग? अहवाल स्वच्छ असताना लाल पाटी लावायचा नियम कुठे आहे, दाखवा. वर काय कळवू मी, म्हाताऱ्याला हिरवं दिसलं म्हणून तळं बंद केलं? आज सहा-सातशे माणूस येणार आहे, काका. गुरुवारी नमुना घ्या, शुक्रवारी बघू.”

फोन ठेवल्यावर आजोबा खुर्चीवर बसून राहिले. साहेबांचे चुकले नव्हते. नियम तसाच होता, आणि चांगल्यासाठी होता: कुणाच्या नजरेवर नाही, बाटलीवर विश्वास. आता त्यांचीच बाटली त्यांच्या तोंडावर हात ठेवून बसली होती. ती खोटी आहे म्हटल्याशिवाय पाटी बदलत नव्हती.

नावाड्याने दारात उभे राहून तोड काढली. दोरी बांधा, म्हणाला, आणि पाटी अडकवा, ‘पायऱ्यांची दुरुस्ती चालू’. पोरे उतरणार नाहीत, साहेबांना विचारायला नको, आणि गुरुवारी नीट नमुना घेतला की प्रकरण आपोआप मार्गी लागेल. “मी काही बघितलं नाही, काका. माझी नजर अधू आहे, तुम्हाला माहीतच आहे.”

ती नजर किती अधू होती ते तळ्यावर सगळ्यांना ठाऊक होते. पलीकडच्या काठावर कुणी होडीत उभे राहिले तरी तो इथून शिव्या घालायचा. आजोबांच्या डोळ्यांत पाणी आले. इतक्या आपुलकीने त्यांना कुणी वाचवायला आले नव्हते. दोघांनी मिळून दोरी बांधली. आजोबांनी सुंदर अक्षरात ‘दुरुस्ती’ लिहिले, फाटकावर हिरवी पाटी तशीच राहू दिली आणि आठ वाजता फाटक उघडले. थोडा वेळ त्यांना खरोखर हलके वाटले.

पण माणसे कुठेतरी उतरणारच. मुलांचे पाणी बंद दिसल्यावर आईबाप पोरांना घेऊन मधल्या किनाऱ्याकडे वळले, दोरीपासून वीस पावलांवर. दहापर्यंत तिथे पन्नासेक डोकी पाण्यात होती. आजोबा काठाने येरझाऱ्या घालत होते. दर फेरीला त्यांना वाटे की हिरवी कड मघापेक्षा पुढे सरकली आहे. मग वाटे, नाही, उन्हाची तिरीप आहे. एक पोरगा दोरीखालून बुडी मारून आत गेला आणि हिरवा गोळा हातात घेऊन बहिणीच्या अंगावर फेकत बाहेर आला. आजोबा त्याच्यावर ओरडले. पोरगा म्हणाला, “दुरुस्ती तर पायऱ्यांची आहे ना, पाण्याची थोडीच आहे?” त्याची आई हसली.

सव्वादहाला सुनेचा फोन आला. टिटवी जरा झोपली होती, पण ताप होता. कालच्या मुलांपैकी आणखी चौघांना उलट्या होत होत्या. सुनेने सकाळपासून सगळ्या घरी फोन केले होते, माझ्या डब्याने झालं, मला माफ करा म्हणून. एका आईने तिला नाही नाही ते ऐकवले होते, ते तिने सांगितले नाही, पण आवाजात होते.

“आणि बाबा, त्या धाकट्या जुळ्यांची आई विचारत होती, मुलांना जरा बरं वाटतंय तर दुपारी पाण्यावर नेऊ का, घरात कंटाळलीत. मी म्हटलं न्या, पाण्याला काही झालेलं नाही. चालेल ना?”

किनाऱ्यावरचा गलका फोनमधून तिला ऐकू जात असणार.

“बाबा?”

“नको,” आजोबा म्हणाले. “त्यांना सांग, नको. कुणीच येऊ नका. मी थोड्या वेळात घरी येतो, सांगतो.” त्यांनी फोन ठेवला, कारण आणखी एक वाक्य बोलले असते तर ते पुन्हा ‘अहवाल’ या शब्दाने सुरू झाले असते.

या वेळी त्यांनी कागदावर काही लिहिले नाही. साहेबांचा नंबर लावला आणि पलीकडून ‘बोला’ येताच म्हणाले, “साहेब, तिसरी बाटली मुलांच्या पाण्याची नव्हती. मी धक्क्यावरून भरली. तिन्ही धक्क्यावरून भरल्या. पायऱ्या उतरायला नको म्हणून.”

साहेबांनी विचारले, हे तुम्ही लेखी द्याल? देतो, आजोबा म्हणाले. एकदाच झाले की आधीही? सात वेळा. साहेब ओरडले नाहीत, ते ओरडले असते तर बरे झाले असते.

“लावा लाल पाटी. सगळं तळं बंद करा. आणि काका, उद्या कार्यालयात येताना सातही गुरुवारांचं लिहून आणा. निवृत्तीचं वगैरे आपण नंतर बोलू.”

लाल पाटी अडगळीत होती, नावाड्याने काढून आणली. आजोबांकडे त्याने असे पाहिले की उगाच केलेत, मी होतो ना. भोंगा मात्र आजोबांनी स्वतः हातात घेतला. शाळेतसुद्धा त्यांनी कधी उभे राहून कविता म्हटली नव्हती, आता शेकडो माणसांपुढे त्यांचा आवाज भोंग्यातून फाटत बाहेर आला. पाण्यातून बाहेर या. पाणी खराब आहे. मुलांना आधी बाहेर काढा. निम्म्या लोकांना वाटले चेष्टा चालली आहे. मग नावाड्याने दोन होड्या सोडल्या आणि लोक बाहेर यायला लागले.

ओल्या पोराला टॉवेलात गुंडाळून एक बाप तरातरा वर आला. सकाळी हिरवी पाटी आणि आता लाल, तुमचं डोकं ठिकाणावर आहे का, म्हणून त्याने विचारले. भोवती माणसे जमली. कुणीतरी मोबाईल वर धरला. आजोबांना तो दिसला. तरी ते जागचे हलले नाहीत.

“हिरवी पाटी चुकीची होती,” ते म्हणाले. “चूक माझी आहे. बाळाला नळाच्या पाण्याने स्वच्छ धुवा. उलटी झाली, पुरळ आलं, तर डॉक्टरांना मुद्दाम सांगा की तळ्यात उतरला होता. डब्याला दोष देऊ नका.”

शेवटचे वाक्य त्या बापाला कळण्यासारखे नव्हते. तो शिवी हासडून नळाकडे पळाला.

घरी पोहोचले तेव्हा बारा वाजत आले होते. सून टेबलाशी बसली होती, समोर मुलांच्या घरच्या नंबरांची यादी, प्रत्येकापुढे बारीक अक्षरात लिहिलेले: उलट्या तीन, ताप, बरा आहे, फोन उचलत नाहीत. आतून टिटवीचे कण्हणे ऐकू येत होते. आजोबा चप्पल न काढता दारातच उभे राहिले आणि सांगून टाकले. पायऱ्या, सहल, बांबू, काल दवाखान्यात गप्प राहिलो ते, आज सकाळची दोरी. काही गाळले नाही. सांगताना ते तिच्याकडे बघत नव्हते, यादीकडे बघत होते.

सुनेने विचारले, “किती आठवडे?”

“सात.”

“सात शनिवार,” ती म्हणाली. “मी स्वतः हात धरून त्यांना पाण्यात उतरवलं. घाबरतात ना काही मुलं, त्यांना मी सांगते, बाबांनी बघितलंय पाणी.” तिचा आवाज चढला नव्हता. आजोबांना वाटले, आता ही म्हणेल घरातून जा, आणि ते बरोबर होईल. पण ती उठून फोनकडे गेली आणि डॉक्टरांना लावला. शेवाळाचे पाणी, कालच्या सकाळी, तासभर, असे तिने तीन वाक्यांत सांगितले. पलीकडून डॉक्टरांचा आवाज आजोबांनाही ऐकू येत होता. तापाचे ते औषध आत्ताच्या आत्ता थांबवा, यकृतावर ताण नको. पोरीला लगेच घेऊन या, रक्त बघायला हवे. बाकीच्या सगळ्या मुलांनाही. कालच का नाही सांगितलंत?

“कळलं नव्हतं,” सून म्हणाली. कुणाला, ते तिने सांगितले नाही.

तिने टिटवीला चादरीत गुंडाळून खांद्यावर घेतले. पोरीने डोळे किलकिले करून आजोबांकडे पाहिले आणि पुन्हा मिटले. आजोबा पुढे होऊन बूट उचलायला वाकले, तेव्हा सून म्हणाली, तुम्ही येऊ नका. टेबलावरची यादी तिने त्यांच्याकडे सरकवली आणि फोन त्या यादीवर ठेवला.

“अंड्यांचं मी सकाळी सगळ्यांना सांगितलंय. हे तुम्ही सांगा. आधी ज्यांना उलट्या होतायत त्यांना. तापाचं औषध देत असतील तर थांबवायला सांगा आणि दवाखान्यात यायला सांगा. का, ते विचारतील. तेही सांगा.”

दार लागले. जिन्यावरून तिची पावले खाली गेली. आजोबा खुर्चीवर बसले. यादीत नऊ नंबर होते. पहिल्यापुढे लिहिले होते: उलट्या पाच, काही पीत नाही. त्यांनी चष्मा पुसला, एकेक आकडा बोटाने दाबला. दोनदा चुकला, पुन्हा लावला. तिकडे घंटा वाजत होती तेवढ्यात त्यांना वाटले, उचलला नाही तर किती बरे. आणि तेच वाटल्याची लाज वाटत असताना फोन उचलला गेला.

बाईचा आवाज थकलेला होता. मागे मूल रडत होते. आजोबांनी कोण बोलतोय ते सांगितले, आणि काल मुले ज्या पाण्यात होती ते पाणी खराब होते, हे सांगितले. घाईघाईत, एका दमात, त्यामुळे अर्धे शब्द एकमेकांत अडकले.

“थांबा, थांबा,” बाई म्हणाली. “पहिल्यापासून सावकाश सांगा. मी लिहून घेते.”

खण उघडल्याचा, पेन शोधल्याचा आवाज आला. आजोबा थांबले. मग म्हणाले, “पहिलं हे लिहा. तापाचं औषध देत असाल तर आता देऊ नका. दुसरं, मुलाला घेऊन लगेच दवाखान्यात निघा, माझी सून तिथे आहे.”

“लिहिलं. पुढे?”

“पुढे,” आजोबा म्हणाले, “पाणी तपासलं होतं म्हणून तुम्हाला सांगितलं होतं, ते मी तपासायला दिलंच नव्हतं.”